इलेक्ट्रॉनांची मोजदाद: जुन्या निगेटिव्ह आणि टेबलावरचा स्कॅनर

१९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोताने प्रतिमा मोठी करून दाखवली. त्यानंतरची सत्तरएक वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जे जे पाहिलं ते मुख्यतः फोटोच्या काचेवर किंवा फिल्मवर उतरलं. विषाणू, पेशीतली पटलं, धातूतले दोष, स्फटिकांचे ठिपके, सगळं. जगभरच्या प्रयोगशाळांच्या कपाटांत आजही या निगेटिव्ह पाकिटं-पाकिटं भरून पडलेल्या आहेत. त्यातल्या फार थोड्या कधी छापल्या गेल्या. बाकीच्या एकदा पाहून, वहीत नोंदून ठेवून दिल्या गेल्या.

या निगेटिव्ह संगणकात आणायच्या तर सर्वांत सहज मिळणारं साधन म्हणजे टेबलावरचा सपाट स्कॅनर, ज्याच्या झाकणातही दिवा असतो असा. आपण घरचे जुने फोटो आणि रोल ज्याच्यावर चढवतो तोच. तो या कामाला चालतो का, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: चालतो, पण आधी त्याला फोटो सुंदर करायच्या सवयी सोडायला लावाव्या लागतात. या निगेटिव्हमध्ये चित्र तर असतंच, पण त्याहून अधिक म्हणजे ती एक मोजणी असते.

मोजणी म्हणजे काय ते नीट पाहू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली एक फिल्म म्हणजे कोडॅकची एसओ-१६३. आकार सव्वातीन इंच बाय चार इंच, पाया जाड पॉलिएस्टरचा, वर जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीच्या हॅलाइडचे बारीक कण, म्हणजे इमल्शन. जिलेटिनमध्ये पाण्याचा अंश असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाची निर्वात पोकळी बिघडवतो, म्हणून वापरायच्या आधी या फिल्म निर्वात डेसिकेटरमध्ये सुकवत ठेवायच्या. मग डार्करूममध्ये लाल दिव्याखाली एकेक फिल्म पत्र्याच्या चौकटीत सरकवायची, चौकटी पेटीत भरायच्या, पेटी यंत्रात. उघडीप (एक्स्पोजर) देऊन झाली की फिल्म डी-१९ डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये, आणि शेवटी वाहत्या पाण्यात.

साध्या कॅमेऱ्यात प्रकाशाने फिल्म उठते तेव्हा चांदीच्या एका कणाला जागं करायला अनेक फोटॉन लागतात. सूक्ष्मदर्शकातल्या इलेक्ट्रॉनजवळ एवढी ऊर्जा असते की एकच इलेक्ट्रॉन एखाद्या कणाला, कधी कधी अनेक कणांना, डेव्हलप होण्याजोगं करून सोडतो. आर. सी. व्हॅलेंटाइन यांनी १९६६ मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा घेतला होता. यातून एक फार मोलाची गोष्ट हाती लागते: एका मर्यादेपर्यंत फिल्मचा काळेपणा पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो. इलेक्ट्रॉन दुप्पट तर काळेपणा दुप्पट. साध्या फोटोत असं सरळ नातं नसतं.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा गोठवलेल्या प्रथिनाचं चित्र ५०,००० पट मोठं करून घेतलं आणि नमुन्याच्या दर चौरस अँगस्ट्रॉमवर २० इलेक्ट्रॉन पडले. फिल्मवरचा एक मायक्रॉन म्हणजे नमुन्यावरचे ०.२ अँगस्ट्रॉम. म्हणजे फिल्मच्या एका चौरस मायक्रॉनवर इलेक्ट्रॉन आले ०.८, एक पुरतासुद्धा नाही. ही फिल्म २,४०० डीपीआयला (दर इंचाला २,४०० ठिपके) स्कॅन केली तर प्रत्येक ठिपका १०.६ मायक्रॉनचा होतो आणि त्याच्या वाट्याला साधारण ९० इलेक्ट्रॉन येतात. नव्वदच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साडेनऊचा, म्हणजे दहा टक्क्यांच्या घरात. प्रथिनाची खूण या चढउतारात बुडालेली असते आणि हजारो प्रतिमांची सरासरी काढल्यावरच ती वर येते. अशा निगेटिव्हवर स्कॅनरने स्वतःच्या मनाने ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवला किंवा कडा धारदार केल्या, तर त्याने विज्ञानाच्या मोजणीत ढवळाढवळ केली असं समजायचं.

फिल्मवरून आकडे काढायची ही पद्धत जुनी आहे. १९६८ मध्ये केंब्रिजला डेव्हिड डीरोझिए आणि एरॉन क्लूग यांनी टी-४ नावाच्या जिवाणूभक्षक विषाणूच्या शेपटीची सूक्ष्मचित्रं घेतली, त्यांचा काळेपणा डेन्सिटोमीटरने बिंदूबिंदूने मोजला, आणि त्या आकड्यांवरून गणिताने शेपटीची त्रिमितीय रचना उभी केली. सपाट प्रतिमेतून त्रिमितीय वस्तू मिळवण्याची वाट तिथे उघडली. क्लूग यांना १९८२ चं नोबेल मिळालं. पुढे रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये जांभळ्या पटलातल्या प्रथिनाची ७ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना दाखवली, तीही फिल्मवरच्या नोंदींतून. त्या काळचे डेन्सिटोमीटर प्रकाशाचा बारीक ठिपका फिल्मवरून एकेक पाऊल सरकवत नेत. काम संथ आणि यंत्र महाग. एकेक बिंदू न मोजता एका दमात अख्खी ओळ वाचणारा सपाट स्कॅनर आला तो पुष्कळ नंतर, आणि तोही कार्यालयातल्या कागदांसाठी.

या स्कॅनरच्या काचेखाली एक गाडी असते. झाकणातला दिवा वरून फिल्ममधून प्रकाश पाठवतो, गाडीतले आरसे तो वळवून भिंगाकडे नेतात, आणि भिंग फिल्मची एक अरुंद ओळ सीसीडी या संवेदकाच्या रांगांवर पाडतं. लाल-हिरव्या-निळ्यासाठी वेगवेगळ्या रांगा. आडवी बारकाई ठरते सीसीडीच्या घरांच्या संख्येने आणि भिंगाने. उभी ठरते गाडी ओढणाऱ्या मोटरच्या पावलांनी. म्हणजे एकाच चित्राच्या दोन दिशा दोन वेगळ्या यंत्रणा मोजतात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खोक्यावर छापलेले आकडे. एप्सनचा परफेक्शन व्ही ७०० हा या कामासाठी बऱ्याच जणांनी वापरलेला स्कॅनर. खोक्यावर लिहिलेलं असतं ६,४०० डीपीआय, म्हणजे ४ मायक्रॉनचा ठिपका. एवढे ठिपके तो खरंच देतो, पण त्या प्रत्येक ठिपक्यात वेगळी माहिती असते असं नाही. काचेवर बारीक रेघांचे गट कोरलेली कसोटीपट्टी ठेवून पाहिलं की कुठल्या गटानंतर रेघा एकमेकींत मिसळतात ते दिसतं, आणि खरी पोच २,३०० ते २,४०० डीपीआयच्या आसपास निघते. त्यापुढचे ठिपके फक्त फाइल फुगवतात. २,४०० ला एका फिल्मचे ७,८०० गुणिले ९,६०० म्हणजे साधारण साडेसात कोटी ठिपके होतात. १६ बिटची करड्या छटांची फाइल १५० मेगाबाइटच्या घरात जाते. ६,४०० ला तीच फाइल एक गिगाबाइट ओलांडते.

हे पुरेसं आहे का, हे विचारायचं निगेटिव्हला. जे टिपायचं आहे त्याच्या निम्म्याहून ठिपका मोठा नसावा, हा नायक्विस्टचा नियम. ५०,००० पट मोठ्या चित्रात १०.६ मायक्रॉनचा ठिपका नमुन्यावर २.१ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे गणिताने ४.२ अँगस्ट्रॉमपर्यंत पोहोचता येतं. प्रत्यक्षात मर्यादेजवळ भिंगच मऊ पडतं, त्यामुळे दहा अँगस्ट्रॉमच्या आसपासचं काम निर्धास्तपणे करावं आणि त्याखाली सावध राहावं. पेशीचे काप, विषाणूंची ठेवण, धातूतले दोष असं काही असेल तर हा स्कॅनर मुबलक पुरतो. दुसऱ्या बाजूने, फिल्मलाही तळ आहे: इलेक्ट्रॉन इमल्शनमध्ये शिरल्यावर आडवे पसरतात आणि काही मायक्रॉनच्या आतला तपशील तिथेच पुसला जातो.

बारकाईपेक्षा जास्त घोटाळा होतो तो काळेपणात, आणि माझ्या मते स्कॅन करणारे सर्वांत कमी लक्ष देतात तेही तिथेच. फिल्मचा काळेपणा ‘ओडी’त मोजतात. एक ओडी म्हणजे दहावा भाग प्रकाश आरपार, दोन म्हणजे शंभरावा, तीन म्हणजे हजारावा. स्कॅनर मोजतो आरपार आलेला प्रकाश. इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणात असतो तो काळेपणा. एकातून दुसरं काढायला लॉगरिथम घ्यावा लागतो. आता ८ बिटची फाइल घ्या, जिच्यात शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. १.४ ओडीच्या जागी आकडा येतो १०, आणि १.५ ओडीच्या जागी ८. मधल्या सगळ्या छटांना उरला एक आकडा, ९. तीच फिल्म १६ बिटमध्ये घेतली तर हे दोन आकडे २,६०९ आणि २,०७२ होतात, मध्ये पाचशेहून अधिक पायऱ्या. म्हणून १६ बिट आणि टिफ फाइल, यात तडजोड नाही. जेपेग फाइल लहान करण्यासाठी डोळ्याला न दिसणारं टाकून देते, आणि आपल्याला हवं असलेलं नेमकं त्यातच असतं.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये मग एकामागून एक गोष्टी बंद करत जायच्या. आपोआप उजळपणा बंद, कडा धारदार करणं बंद, दाणे कमी करणं बंद. धूळ काढणारी अवरक्त सोय तर इथे नुसती निरुपयोगी नाही, घातक आहे. ती रंगीत फिल्मसाठी बनवलेली असते. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त किरण आरपार जाऊ देतात आणि धूळ तेवढी अडवते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी स्वतःच अवरक्त किरण अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रच धूळ वाटतं आणि ते चित्र ‘दुरुस्त’ करायला लागतं. फिल्मचा प्रकारही ‘निगेटिव्ह’ निवडू नये. निगेटिव्ह निवडली की सॉफ्टवेअर उलटापालट करताना स्वतःचा वक्र लावतं. ‘पॉझिटिव्ह’ निवडावं, गॅमा १ (म्हणजे कोणताही वक्र नाही) ठेवता येत असेल तर ठेवावा, आणि उलटापालट पुढे आपण आपल्या हिशेबाने करावी. चांदी रंगहीन असल्याने तीन रंग साठवण्याचं कारण नाही. बहुतेक भिंगं हिरव्यात चांगली बसतात, म्हणून एकटा हिरवा घेतला तरी चालतं.

एवढं करूनही स्कॅनरच्या आकड्यांवर थेट विश्वास ठेवू नये. त्यासाठी पायऱ्यांची पट्टी असते: फिल्मचाच तुकडा, त्यावर २१ पट्टे, पहिला ०.०५ ओडीचा आणि शेवटचा ३.०५ चा, प्रत्येक पायरी ०.१५ ने वाढत जाणारी. ही पट्टी निगेटिव्हसाठी ठेवलेल्याच सेटिंगवर स्कॅन करायची, प्रत्येक पट्ट्याचा सरासरी आकडा काढायचा आणि माहीत असलेल्या ओडीसमोर मांडायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी घडवलेल्या ‘इमेजजे’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सोय तयार आहे, आणि त्याच्या माहितीपानावरचं उदाहरणही अशाच पट्टीचं आणि एका सपाट स्कॅनरचंच आहे. आलेख काढला की स्कॅनर आपली हद्द स्वतःच सांगतो. सुरुवातीच्या पायऱ्या छान वेगळ्या पडतात, मग अंतर कमी होत जातं, आणि एका पायरीनंतर सगळे पट्टे एकाच अंधारात विरतात. खोक्यावर ४.० ओडी लिहिलेलं असलं तरी आपला स्कॅनर कुठे थकतो ते या आलेखावरून कळतं, आणि त्यापुढच्या काळेपणाबद्दल त्याचं काहीही ऐकायचं नाही.

तो थकतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे भटका प्रकाश. सिनेमागृहात मध्येच कोणी दार उघडलं की पडद्यावरचा काळोख फिका पडतो, तसं फिल्मभोवतीच्या उघड्या काचेतून येणारा उजेड आत आरशांवर-भिंगावर पसरून काळ्या भागावर येऊन पडतो. उपाय सोपा आहे. काळ्या जाड कागदात फिल्मपेक्षा थोडी लहान खिडकी कापून बाकी सगळं झाकून टाकायचं. फक्त एक सांभाळायचं: काचेच्या वरच्या टोकाला एक पट्टा असतो, स्कॅन सुरू करण्याआधी यंत्र तिथल्या कोऱ्या उजेडावरून सीसीडीच्या प्रत्येक घराचं माप जुळवून घेतं. तो पट्टा झाकला गेला, किंवा तिथे धुळीचा एक कण जरी बसला, तर त्या घराचं माप चुकतं आणि पूर्ण चित्रभर गाडीच्या दिशेने एक सरळ रेघ उमटते. डोळ्याला ती कदाचित दिसणारही नाही. पण चित्राचं फूरिए रूपांतर केलं, म्हणजे चित्रातल्या पुनरावृत्ती वेगळ्या काढून मांडल्या, की मध्यातून आरपार गेलेली एक झगझगीत रेघ समोर येते.

फिल्म काचेला थेट चिकटली की इंद्रधनुषी वलयं पडतात, न्यूटनची. इमल्शनची बाजू खरखरीत-मंद असते, ती खाली ठेवली तर वलयं कमी होतात; त्याहून बरं म्हणजे चौकटीत धरून काचेपासून थोडी वर ठेवणं. व्ही ७०० मध्ये दोन भिंगं आहेत, एक काचेवर ठेवलेल्या फिल्मसाठी आणि एक चौकटीतल्या, काचेच्या वर असलेल्या फिल्मसाठी. कोणतं लागणार हे सॉफ्टवेअरमधल्या निवडीवर ठरतं, आणि चुकीची निवड झाली तर प्रत्येक फिल्म किंचित धूसर येते. चौकटीची उंची थोडी खालीवर करून कोणत्या उंचीला दाणे सर्वांत स्वच्छ दिसतात ते एकदा बघून ठेवावं.

दोन दिशांच्या दोन यंत्रणांकडे आता परत येतो, कारण स्फटिकांच्या विवर्तनचित्रांमध्ये (स्फटिकातून गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांच्या नक्षीत) त्यांचा खरा कस लागतो. ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत डॅन शेख्टमन यांनी झपाट्याने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूचं इलेक्ट्रॉन विवर्तन घेतलं. ठिपक्यांची मांडणी दहा दिशांनी सारखी दिसत होती, आणि त्या वेळच्या स्फटिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे ते अशक्य होतं. त्यांनी वहीत दहा पदरांची नोंद करून पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. शोधनिबंध यायला १९८४ उजाडलं, नोबेल यायला २०११. अशा चित्रात शेजारच्या दोन दिशांमधला कोन नेमका ३६ अंशांचा असायला हवा. समजा, अशी फिल्म आपण स्कॅन केली आणि स्कॅनरची मोटर उभ्या दिशेला एक टक्का जास्त ताणते. मग काही जागी ३६ चा कोन ३६.३ दिसेल आणि काही जागी ३५.७. एवढ्याशा फरकावर सममितीबद्दल भलतं अनुमान निघू शकतं. म्हणून तीच फिल्म एकदा उभी आणि एकदा नव्वद अंशांत फिरवून स्कॅन करायची. फिल्मबरोबर जे वळलं ते नमुन्याचं आणि जे जागेवर राहिलं ते स्कॅनरचं. विवर्तनचित्रांत आणखी एक अडचण: फिल्म जवळजवळ कोरी आणि मधले ठिपके गडद काळे. भटक्या प्रकाशाचा उपद्रव इथे सर्वाधिक होतो. जुने संशोधक एकाच नमुन्याची लहान-मोठी उघडीप देऊन अनेक फिल्म का घेत, ते इथे कळतं, आणि त्या सगळ्या स्कॅन करणं म्हणूनच गरजेचं असतं.

डावं-उजवं हा प्रश्न मात्र त्याहून गंभीर. फिल्म पालथी पडली की प्रतिमा आरशातली होते. पेशीच्या कापात ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण मळसूत्री रचनेत उजवं वळण डावं होतं आणि नमुना तिरका करत घेतलेल्या चित्रमालिकेतून उभी राहणारी पूर्ण रचनाच उलटते. कडेला यंत्राने उमटवलेला फिल्मचा क्रमांक इथे सोबती असतो. प्रत्येक फिल्मवर तो एकाच प्रकारे वाचता आला पाहिजे, म्हणजे सगळ्या फिल्म निदान एकाच बाजूने ठेवल्या गेल्या. पण अक्षरं सुलटी म्हणजे नमुनाही सुलटा असं मात्र धरू नये. ज्याचं वळण आधीच माहीत आहे असा नमुना त्याच सूक्ष्मदर्शकावर घेतलेला असेल तर त्याच्याशी एकदा ताडून पाहावं.

मोठेपणाचा आकडाही यंत्रावर लिहिलेला तसाच स्वीकारू नये; त्यात काही टक्क्यांची तफावत सहज असते. जुन्या पाकिटांत बहुधा एखादी फिल्म मापासाठीच घेतलेली सापडते: मिलिमीटरला २,१६० रेघांची जाळी किंवा कॅटलेज या विकराचा स्फटिक, ज्याच्या ओळींमधलं अंतर माहीत असतं. ती फिल्म आधी शोधा. तिच्याशिवाय बाकीच्यांवरची मापं अंदाजाचीच राहतात.

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ठेवलेल्या फिल्मना वेगळी काळजी लागते. जिलेटिन हे बुरशीचं खाद्य आहे, आणि पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या दोन फिल्म ओढून सोडवल्या तर इमल्शन एका फिल्मवरून दुसरीवर जातं. अशा फिल्म जशा आहेत तशा संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडे न्याव्यात. सुट्या, कोरड्या फिल्मवरची धूळ रबरी फुंकणीने उडवावी, बोटं फक्त कडांना लागू द्यावीत, तीही हातमोज्यांतून. ओल्या कपड्याने पुसण्याचा मोह आवरावा. आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं तेही स्कॅन करावं: तारीख, व्होल्टेज, नमुन्याचा नंबर, ‘खराब’ असा शेरा. फाइलच्या नावात फिल्मवरचा क्रमांक हवाच. क्रमांक आणि वही यांची गाठ सुटली की ते साडेसात कोटी ठिपके कशाचे, हे कोणीच सांगू शकत नाही.

सपाट स्कॅनर जिथे संपतो तिथे फिल्म संपत नाही, याचा पुरावा आहे. २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या हाँग झोउ यांच्या प्रयोगशाळेने एका विषाणूची ३.३ अँगस्ट्रॉमची रचना मांडली. त्यांच्या प्रतिमा एसओ-१६३ फिल्मवर घेतलेल्या होत्या आणि त्या निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९००० या खास फिल्म स्कॅनरवर ६.३५ मायक्रॉनने वाचल्या होत्या. दोन-तीन वर्षांतच इलेक्ट्रॉन थेट मोजणारे डिजिटल संवेदक पसरले आणि फिल्म मागे पडली.

कोणती निगेटिव्ह अशा चांगल्या यंत्राकडे पाठवायची, हे ठरवायला निगेटिव्हचाच उपयोग होतो. गोठवलेल्या नमुन्याच्या किंवा कार्बनच्या पापुद्र्याच्या चित्राचं फूरिए रूपांतर केलं की मध्याभोवती एकात एक वलयं दिसतात, थॉन यांनी १९६० च्या दशकात वर्णन केलेली. ती बाहेर जाता जाता फिकी होतात. वलयं स्कॅनरच्या मर्यादेच्या बरीच अलीकडे विरली, तर फिल्ममध्ये त्यापुढचं काही नव्हतंच आणि सपाट स्कॅनरने आपलं काम पुरं केलं. ती थेट मर्यादेपर्यंत स्पष्ट दिसत राहिली, तर त्या फिल्मवर निशाणी करून ती बाजूला काढावी.